ससा आणण्यापूर्वी

भोरास आमच्या घरी ससा आणावा, असा नातवाचा हट्ट आहे. वेल्ह्याकडील एका स्नेह्यांनी तोरण्याच्या पायथ्याचे पिल्लू धरून देण्याची तयारी दाखविली; ती आम्ही तत्काळ नाकारली. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेला आहे. शिवाय तो निराळ्याच जातीचा. त्याचे पिल्लू उघड्या डोळ्यांनी, अंगभर केस घेऊन जन्मते. पाळीवाचे आंधळे व उघडे. संस्कृत काव्यांतील शश तो हा रानातला. पाळीव ससा मूळचा युरोपातला.

तेव्हा पाळीवच आणावयाचा. परंतु पिंजऱ्याआधी गवताची तजवीज हवी. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि वाळले गवत चघळूनच ते झिजतात. गाजर केवळ खाऊपुरते. वैशाखाचा उष्मा त्यास सोसत नाही, म्हणून माजघराचा गार कोपरा नेमिला आहे. (सौभाग्यवतींचा रुकार अद्याप मिळावयाचा आहे.) कान धरून उचलावयाचे नाही, हे नातवाकडून वदवून घेतले.

खरा प्रश्न पुढेच आहे. ससा ८ ते १० वर्षे जगतो. तोवर नातू शिक्षणास पुण्यास जाईल आणि आम्ही सत्तरी ओलांडलेली असेल. मागाहून गवत कोण घालील, असे चिरंजीवांस पत्राने विचारिले आहे. उत्तर येईपर्यंत ससा येणार नाही.