तबकडीखालचा कडप्पा

ध्वनिसंचाखाली भक्कम घडवंची ठेवल्याने आवाज सुधारतो की नाही, हे घडवंचीवर काय ठेवले आहे आणि घडवंची स्वतः कशावर उभी आहे, या दोन गोष्टींवर ठरते. हौशी मंडळी पहिल्या गोष्टीचा जितका खल करतात, तितका दुसरीचा करीत नाहीत. जड घडवंचीचा आग्रह ब्रिटनसारख्या देशांत रुजला, जिथे घराची जमीन बहुधा लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली असते आणि माणूस चालला की ती लवते. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांच्या माडीवरही हाच अनुभव येई. धायरीत सिंहगड रस्त्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या इमारतींत मात्र सळई-काँक्रीटचा स्लॅब असतो, जो पावलांनी फारसा लवत नाही, पण एका बिऱ्हाडातला कंप दुसऱ्यात बिनबोभाट पोचवतो. वरच्या मजल्यावरचा खलबत्ता खालच्या घरात ऐकू येतो तो यामुळेच.

हा कंप खरा बाधतो तो रेकॉर्ड प्लेअरला, कारण तबकडीच्या खाचेतली नागमोड, जी जागोजागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते, सुईला कंपरूपातच वाचायची असते, आणि त्यातला गाण्याचा कंप कोणता व घराचा कोणता हे सुईला कळत नाही. त्यातून लाँगप्ले तबकडी कोरताना खाच फार रुंद होऊ नये म्हणून खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना तो पुन्हा उचलला जातो. 1954 च्या सुमारास रूढ झालेल्या या रीतीत 20 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 20 आंदोलनांचा, संकेत 1000 हर्ट्झच्या मानाने सुमारे नऊ पट वाढतो. कपडे पिळताना मिनिटाला 1200 फेरे घेणारे वॉशिंग मशीन नेमके 20 हर्ट्झवर थरथरते, आणि मग भीमसेन जोशींची तबकडी लागलेली असताना ती घरघर कानाला कळली नाही, तरी स्पीकरचा पडदा उगाच आतबाहेर हेलकावत राहतो.

सुताराकडून सागवानी चौकट करून घेऊन तिच्यावर ओट्याचा कडप्पा टाकणे, हा यावरचा सोपा उपाय वाटतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि 25 मिलिमीटर जाड लादी सुमारे 19 किलो भरते, आणि जड वस्तू सहजी हलत नाही हे खरेच. पण हाच कडप्पा बोटाने ठोकला तर टणत्कार करतो, म्हणजे त्यात कंप जिरत नाही, आणि म्हणून त्याच्याखाली रबर देण्याची वेळ येते. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. रबर वजनाने 1 मिलिमीटर दबले, तर वरचा सारा डोलारा स्वतःच्या ओढीने सुमारे 16 हर्ट्झला डोलू लागतो (याला नैसर्गिक वारंवारता म्हणतात), आणि असे रबर साधारण 23 हर्ट्झच्या वरचाच कंप अडवते. त्याखालचा कंप ते वर जाऊ देते, किंबहुना वाढवते, आणि वॉशिंग मशीनचे 20 हर्ट्झ याच वाढीच्या टापूत येतात. त्यापेक्षा मशीन पलीकडच्या बाल्कनीत नेलेले बरे.

बाकी यंत्रांबद्दल फार बोलावे असे काही नाही. सीडी प्लेअर वाचनातल्या चुका गणिताने दुरुस्त करतो, ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला स्टूल काय आणि शिसवी घडवंची काय, सारखेच. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला तेवढा धक्का जाणवतो. स्पीकरच्या स्टँडने मात्र फरक पडतो, कारण त्याने तार स्वरांचा छोटा स्पीकर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीला येतो आणि पेटी भिंतीपासून सुटी होते. हा गुण बराचसा जागेचा असून विक्रेते तो वजनाच्या खाती मांडतात. शिवाय बारा फुटी हॉलमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, ज्यावर कोणत्याही घडवंचीचा इलाज चालत नाही. तिथे सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला तर फरक ऐकू येतो आणि खर्चही होत नाही.