‘अक्करमाशी’चे इंग्रजी काय? : इंग्रजी विभागातील संशोधन आणि आपण

इंग्रजी विभागात होणाऱ्या संशोधनाशी आंबेडकरी चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वस्तीपातळीवर काम करणारे. जातप्रमाणपत्र, रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे आमचे रोजचे काम. पण याच वस्त्यांमधली मुलं-मुली आता इंग्रजी साहित्यात एम.ए. करताहेत, नेट देताहेत, पीएच.डी.साठी विषय शोधताहेत. फॉर्म भरता भरता विषयाची चर्चा निघते आणि लक्षात येते की हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या करिअरचा नाही. आपल्याबद्दल जगाला कोण सांगणार आणि कोणत्या शब्दांत सांगणार, हा तो प्रश्न आहे.

आधी इतिहास पाहू. 1835 साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली ती राज्यकारभाराच्या सोयीसाठी. इंग्रजी साहित्य हा विषय या देशात सत्तेचे साधन म्हणून कसा वापरला गेला, हे गौरी विश्वनाथन यांनी 1989 च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात दाखवले आहे. हे खरेच आहे. पण आपली गोष्ट इथे संपत नाही, इथून सुरू होते. मेकॉलेच्या डोळ्यासमोर जोतीराव-सावित्रीबाई नव्हते. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी जातीचा प्रश्न जगाच्या गुलामगिरीशी जोडला. आज विद्यापीठात ज्याला तौलनिक अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय आहे?

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध इंग्रजीत वाचला. त्याच बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ आणि 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढले. ज्या जगाला जात माहीत नव्हती त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि जे जात भोगत होते त्यांच्याशी मराठीत. दोन्ही भाषांना त्यांनी कामाला लावले, एकीसाठी दुसरी सोडली नाही. हा धडा पुढे म. ना. वानखडे यांनी गिरवला. इंग्रजीचे हे प्राध्यापक अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या विद्रोहाची ओळख त्यांनी मराठी दलित लेखकांना करून दिली. म्हणजे दलित साहित्याच्या विचारात इंग्रजी विभागाचा वाटा सुरुवातीच्या काळापासून आहे. आपणच तो विसरलो.

आता आजच्या संशोधनाकडे या. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ 1992 साली आला आणि मराठी दलित साहित्य इंग्रजी वाचकांपुढे एकत्रितपणे उभे राहिले. पुढे बेबीताई कांबळे, उर्मिला पवार, शरणकुमार लिंबाळे, दया पवार इंग्रजीत गेले. ही फार मोठी गोष्ट आहे. माया पंडित यांच्यासारख्या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ जगापुढे नेले, त्याचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण प्रबंध लिहिणारा विद्यार्थी केवळ इंग्रजी पुस्तक वाचून थांबला, तर काय होते ते पाहा.

लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’चे इंग्रजी नाव ‘द आउटकास्ट’. आता अक्करमाशी म्हणजे काय? बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे म्हणजे तोळ्याला एक मासा कमी. ज्याच्या जन्मालाच गावाने खोटे ठरवले, तो अक्करमाशी. त्या एका शब्दात दलित बाईच्या देहावर हक्क सांगणारी गावची सत्ता आहे आणि त्यातून जन्मलेल्या लेकराला बाप नाकारणारा समाज आहे. ‘आउटकास्ट’ म्हटले की जातीबाहेरचा एवढाच अर्थ उरतो आणि बाईचा प्रश्न मागे पडतो. ‘जिणं आमुचं’ या साध्या नावात रोजचे जगणे आहे. ‘द प्रिझन्स वी ब्रोक’मध्ये तुरुंग फोडल्याची घोषणा आहे. दोन्ही खरे, पण दोन्ही एक नव्हे. ‘आयदान’ म्हणजे कोकणातल्या आपल्या आयाबायांनी बांबूच्या बेळांतून विणलेली टोपली-सुपं. इंग्रजी नावात वीण राहिली, वस्तू गेली. जेरी पिंटो यांनी 2015 च्या अनुवादात ‘बलुतं’ हे नाव तसेच ठेवले, कारण बलुत्याला इंग्रजी शब्दच नाही. आता सांगा, या चार नावांवर बोलायला सर्वांत योग्य माणूस कोण? ज्याच्या आजीने यातला एखादा शब्द घरात वापरला, तोच ना?

पण घडते काय? आमच्या ओळखीच्या एका मुलीला उल्हासनगरच्या सिंधी आणि बौद्ध बायकांच्या बोलण्यावर काम करायचे होते. तिला एका मार्गदर्शकाने सांगितले, “दलित आत्मकथनच घे, तुला सोपं जाईल.” दुसऱ्या एका मुलाला शेक्सपिअर घ्यायचा होता. त्यालाही हाच सल्ला. वरून हा सल्ला आपुलकीचा वाटतो. त्याचा अर्थ मात्र असा की तुम्ही फक्त स्वतःच्या दुःखावर बोला, बाकीच्या जगावर आम्ही बोलू. आत्मकथनावर काम करणे हा आपला हक्क आहे. तो आपल्याला नेमून दिलेला वाडा होता कामा नये.

त्या मुलीचा विषय किती मोठा होता ते बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये ठेवले. त्या छावणीचे उल्हासनगर झाले, पण आजही माणसाचा पत्ता कॅम्प नंबरने सांगितला जातो. अरबी लिपीतली सिंधी, देवनागरीतली सिंधी, मराठी, हिंदी आणि आता दुकानांच्या पाट्यांवरची इंग्रजी, हे सारे एकाच बाजारात नांदते. घर गमावलेला निर्वासित आणि गाव सोडून आलेला बौद्ध एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडतात, उधारी कोणत्या भाषेत मागतात, यात भाषा, साहित्य आणि समाज तिन्ही आहेत. अंबरनाथला काडेपेटीच्या कंपनीत आणि ऑर्डनन्स फॅक्टरीत राबलेल्यांच्या घरात युनियनची भाषा आणि भीमगीतांच्या वह्या आहेत. त्या वह्या रद्दीत गेल्या की हा ऐवज पुन्हा मिळणार नाही.

बदलापूरचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. ना. गो. चापेकर या निवृत्त न्यायाधीशांनी आपल्या गावाचा अभ्यास करून 1933 साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला. मराठीतल्या ग्रामअभ्यासाचा तो महत्त्वाचा टप्पा आहे, तो वाचलाच पाहिजे. त्याआधी सहा वर्षे, महाडच्या सत्याग्रहानंतर दोन महिन्यांच्या आत, मे 1927 मध्ये याच बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आले होते. एका गावाचे हे दोन धागे आहेत. पहिल्या धाग्यावर ग्रंथ झाला. पण गावकुसाबाहेरून दिसणारे बदलापूर तितक्याच मेहनतीने लिहायचे काम आपल्यापुढे पडून आहे. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या घराच्या ओट्यावरून गाव दिसते. दुसऱ्याच्या ओट्याला दोष देऊन भागत नाही, आपण आपल्या दारातून लिहावे लागते.

म्हणून मित्रांनो, इंग्रजी घेऊन शिकणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे. अनुवाद वाचा, पण मूळ मराठी शेजारी ठेवा. विषय स्वतः निवडा, तो शेक्सपिअर असो की कॅम्पातला बाजार. आजी-आजोबांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. विहारातल्या जुन्या वह्या, पत्रके, जलशांची कवने यांचे फोटो काढून ठेवा. आणि प्रबंध इंग्रजीत पूर्ण झाला की त्याचे सार मराठीत लिहून वस्तीत वाचून दाखवा. ज्यांच्या जगण्यावर पदवी मिळाली, त्यांना ते ऐकण्याचा पहिला हक्क आहे. त्यांनी “हे चुकलं, असं नव्हतं” म्हटले तर तेही लिहून घ्या. त्याहून कडक परीक्षक कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.

‘शिका’ या शब्दाचा अर्थ पदवी घ्या एवढाच असता, तर बाबासाहेबांना पुढचे दोन शब्द सांगावेच लागले नसते.

जयभीम!