काळ्या रानातून: एका बापाची रोजनिशी

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार. देवगाव फाटा

इथे संध्याकाळचे पाच वाजले की लेक शिकायला गेली आहे तिथे, वाखेनिंगनला, दुपारचा दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग फरक साडेचार तासांचा होईल. हिने, लेकीच्या आईने, हे सगळे दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले आहे, म्हणजे पोरीला भलत्या वेळी फोन जायला नको.

वाखेनिंगन हे गाव नेदरलँड्समध्ये, ऱ्हाईन नदीच्या उत्तर काठाला. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. विद्यापीठ शेतीचे म्हणून जगभर नावाजलेले, पण गावाला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. एडे-वाखेनिंगनला उतरायचे आणि पुढे बसने जायचे. "आण्णा, सेलूला उतरून फाट्याची एस्टी धरावी तसंच आहे बघा," म्हणाली. तिच्या आवाजातला थकवा मला कळला, तरी हे ऐकून बरे वाटले.

तुपाचा डबा घरीच राहिला. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी मात्र गेली.

२० ऑगस्ट, बुधवार

आज तिची नगरपालिकेत नोंद झाली. नोंद झाल्यावर एक नागरिक क्रमांक मिळतो आणि बँकेचे, दवाखान्याचे, पगाराचे सगळे त्यावरच चालते. परक्या मुलखात पोरीचे नाव कुणाच्या तरी दप्तरी लागले, याचे मला फार समाधान वाटले.

पैशाचे सगळे उघड लिहून ठेवतो. शिक्षणकर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. आम्ही रान दिले. भावकीतले म्हणाले, पोरीच्या शिक्षणापायी सातबाऱ्यावर बोजा चढवता? चढवला. बियाण्यासाठी, लग्नासाठी चढतो तेव्हा कुणी विचारत नाही. तिथे आपल्या मुलांना शिकता शिकता आठवड्याला सोळाच तास काम करता येते, तेही मालकाने परवाना काढला तर. म्हणजे कमाईवर भिस्त ठेवून कुणी पोराला पाठवू नये. फाट्यावर माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैल सजवले. मूग काढून झालाय, सोयाबीन शेंगेवर आहे. फोनवर तिने आधी बैलांना बघितले, मग आम्हाला.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचे जेवण. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळे रीतीप्रमाणे झाले. तिकडे आज शिकवणी सुरू झाली. एक विषय सहा श्रेयांकांचा आणि एका श्रेयांकाला अठ्ठावीस तासांचा अभ्यास धरलेला, म्हणजे एका विषयाला १६८ तास. यातले वर्गात थोडेच, बाकीचे स्वतः वाचायचे आणि करायचे. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. तिच्या तोंडून अजून 'सर'च निघते.

पोरे मध्येच हात वर करून मास्तरांना अडवतात आणि मास्तर त्यावर खुश होतात, हे ती दोनदा सांगत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. आपल्या मुलांना काही ठाऊक नसते असे नाही. आपल्याला ठाऊक असलेले विचारण्याजोगे आहे, एवढाच भरवसा त्यांना कुणी दिलेला नसतो. पहिले काही दिवस ती गप्प बसणार, हे मला दिसत होते. हिला तसे बोललो नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज मातीचे प्रात्यक्षिक. ओली माती अंगठा आणि बोटात धरून दाबत पट्टी काढायची. पट्टी जितकी लांब निघेल तितके चिकणमातीचे प्रमाण जास्त. वाखेनिंगनच्या एका अंगाला हिमयुगातल्या बर्फाने रेटून उभी केलेली वाळूची टेकाडे आहेत आणि दुसऱ्या अंगाला नदीने आणलेला भारी गाळ. दोन्ही नमुने समोर ठेवले होते. पोळ्याला मातीचे बैल करत वाढलेली पोर ती. तिची पट्टी तुटेना. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, कुठली तू? तेव्हा ती बोलली म्हणे. आमच्या मातीला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून त्या बुजवते, आणि वाफसा नसताना औत घातले तर वर्षभर ढेकळे निघतात, असे सगळे सांगितले.

शेजारी इथिओपियाची मुलगी होती. त्यांच्या डोंगरपठारावरही अशीच काळी जमीन, पावसात चिबडणारी. पाणी निघावे म्हणून तेही रुंद वरंबे पाडतात. आपल्याकडे सोयाबीनसाठी ज्याला बीबीएफ म्हणतो, तेच ते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत बसवली आणि ती तिकडेही पोचली. दोघी जेवणाच्या सुट्टीभर त्यावरच बोलत बसल्या. हे ऐकून हिचे डोळे भरले. "मैत्रीण मिळाली म्हणायची," म्हणाली.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. ती मैत्री जन्मभर टिकली. अशा एका माणसावाचून परदेशातले पहिले दिवस फार जड जातात, असे मला वाटते.

११ सप्टेंबर, गुरुवार

तिथे मातीचे संग्रहालय आहे! इस्रिक नावाची संस्था १९६६ पासून आहे, तिचे. जमिनीचा उभा छेद जसाच्या तसा काढून, टिकाऊ करून भिंतीला लावतात. असे हजारावर छेद त्यांनी जमवले आहेत. जगातल्या मातीचे बत्तीस मुख्य गट धरतात, त्यांत आपली काळी 'व्हर्टिसोल' या गटात. ती त्या छेदापुढे उभी राहिली आणि फोटो पाठवला. मी तो मोठा करून चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला. एकजण म्हणाला, ही तर आपल्या ओढ्याकडच्या रानाची कड.

संध्याकाळी पांडुरंग खानखोजे यांच्याविषयी तिला सांगितले. वर्ध्याचा माणूस, जन्म १८८४ चा. क्रांतिकार्यापायी देश सोडला, अमेरिकेत शेती शिकला, गदर चळवळीत उतरला आणि शेवटी मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर काम करत शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिला. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला ठळक जागा हवी. परदेशी शेती शिकायला जाणाऱ्या पोरांना आपल्या आधी कुणी गेले होते हे कळले पाहिजे.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून आलो. पाऊस थांबत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मराठवाड्यात जिकडेतिकडे पाणी. बातम्या बघून तिनेच पहाटे फोन केला, तिथे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. एवढे दिवस आम्ही तिला विचारायचो, जेवलीस का, थंडी वाजते का. आज ती विचारत होती, शेंगा बुडाल्या का, गोठ्यात पाणी आहे का. परतीचे तिकीट किती पडेल हेही विचारले. मी ताडकन नाही म्हणालो. रडली. मग हळूहळू बोलायला लागली. १९९५ साली तिथल्या नद्या चढल्या तेव्हा अडीच लाखांवर माणसे हलवावी लागली होती. त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे सरकवले आणि नदीला पसरायला जागा दिली. त्यावर त्यांचा पाठ चालू आहे.

मला म्हणाली, "आण्णा, बीबीएफचा तुकडा आन सपाट पेरलेला तुकडा, दोन्हीकडं जाऊन बघा. पाणी कुठं किती येळ थांबतंय ते लिहून ठेवा."

गेलो. वरंब्यावरचे झाड पिवळे पडलेय, पण उभे आहे आणि सऱ्यांतून पाणी ओढ्याकडे वाहतेय. सपाट तुकड्यात गुडघ्याच्या खाली पाणी, शेंगा काळ्या पडू लागल्यात. दोन्हीकडचे फोटो वेळ टाकून पाठवले. कर्जाचा हप्ता आणि या पिकाचे काय होणार, याचा विचार डोक्यात आहेच. तिला त्यातले सांगितलेले नाही आणि ती शिकतेय तोवर सांगणारही नाही.

सपाट तुकड्याच्या खालच्या कडेची चर उकरायला उद्या उजाडताच दोन गडी येतील. पाणी किती वेळात उतरते ते दर दोन तासांनी लिहून तिला कळवायचे आहे.