बघणाऱ्याची नोंद

आमच्या सोसायटीत कॅमेरे लावायचा ठराव माझ्या बाबांनी मांडला होता. २०१९ची वार्षिक सभा. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वडापाव, चहा. त्या वर्षी दोन बाईक चोरीला गेल्या होत्या, पण वर्गणीचा आकडा ऐकल्यावर निम्मे लोक म्हणायला लागले की त्यापेक्षा वॉचमनला जागं राहायला सांगा. बाबा सेक्रेटरी असले तरी सभेत फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी उठून एवढंच म्हणाले, "मी २००६च्या गाडीत होतो. कोणीतरी कुठेतरी बघत असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं." कोणी काही बोललं नाही. ठराव पास झाला.

११ जुलै २००६. मी सात वर्षांची होते. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८०हून जास्त माणसं गेली. बाबा चर्चगेटहून विरारला निघालेल्या एका गाडीत होते, भाईंदरच्या अलीकडे ती थांबली. त्यांचा पास सेकंड क्लासचा होता. आमच्याकडे फर्स्ट क्लासच्या पासाचे पैसे असते तर काय झालं असतं, हे आई अजूनही कोणाला बोलू देत नाही. फोन लागत नव्हते. बाबा रुळांवरून चालत, मग कोणाच्या तरी टेम्पोतून, रात्री साडेअकराला घरी आले. शर्टावर डाग होते. ते त्यांचे नव्हते, हे कळायला आईला थोडा वेळ लागला.

त्यामुळे आमच्या घरात 'पाळत' हा वाईट शब्द नव्हता. पाळत म्हणजे काळजी.

आठ कॅमेरे लागले. डीव्हीआर ऑफिसच्या कपाटात, आणि मोबाइलवर अ‍ॅप. बाबांना अ‍ॅप जमेना, म्हणून लॉगिन माझ्या फोनमध्ये. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. अंधेरीहून उशिराची गाडी पकडून यायची वेळ आली की गल्लीच्या तोंडापासून गेटपर्यंतचं अंतर मी कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघत चालायची. दिसतोय, म्हणजे आपणही कोणालातरी दिसतोय. या भावनेला मी आजही खोटं म्हणणार नाही.

मग २०२२चा पावसाळा. कमिटीतले एक काका दारात आले. "बेटा, परवा रात्री एकच्या सुमाराला गेटवर एक बाईक आली होती, जरा क्लिप काढून दे गं. चोरीबिरीचं बघायचंय." मी जेवत होते. डाव्या हाताने अ‍ॅप उघडलं, चाळीस सेकंदांची क्लिप काढली, त्यांना पाठवली आणि परत जेवायला लागले. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर होती. खाली लिहिलं होतं, "फॅमिली सोसायटीत हे चालणार का?" क्लिपमध्ये तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू ताई एका बाईकवरून उतरते, हेल्मेट परत देते, हसते आणि आत जाते. ती नर्स होती. त्या दिवशी ड्यूटी लांबली, शेवटची गाडी गेली, वॉर्डातल्या सहकाऱ्याने सोडलं. हे तिने ग्रुपवर सांगितलंही. पण तिला हे सांगावं लागलं, तिथेच सगळं संपलं होतं. घरमालकांनी महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगितली.

जायच्या आदल्या दिवशी ती जिन्यात भेटली. म्हणाली, "व्हिडिओ कोणी काढून दिला, तुला माहीत आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही."

त्या 'नाही'नंतर मी वाचायला लागले. स्वतःला बरं वाटावं म्हणून असेल, पण मला जाणून घ्यायचं होतं की हे काम मोठ्या प्रमाणावर करणारे लोक कसं करतात. सरकारला कोणाचा फोन ऐकायचा असेल तर दारात येऊन "जरा दे गं" म्हणता येतं का?

येत नाही. निदान कागदावर तरी नाही. १८८५चा इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट ब्रिटिशांनी केला. त्याच्या कलम ५(२)नुसार संदेश अडवायचा तर आधी सार्वजनिक आणीबाणी असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असला पाहिजे. कायदा झाला, पण तो पाळायचा कसा, याचे नियम शंभर वर्षांनंतरही धड नव्हते. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६मध्ये न्यायालयाने चौकट घालून दिली. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचाच हवा. तो लेखी हवा. त्याची मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही. आणि दिलेले आदेश योग्य होते का, हे एका समितीने तपासायचं. पुढे २००७मध्ये हे नियमांत आलं. आता टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आहे, २०२४च्या शेवटी नवे नियमही आले, पण सांगाडा तोच आहे.

याच सांगाड्याच्या जोरावर मुंबईतच एक निकाल लागला. सीबीआयने २००९-१०मध्ये एका व्यावसायिकाचे फोन टॅप केले होते. आरोप बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले. लाच हा गुन्हा आहे, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षितता कुठे धोक्यात आली? न्यायालयाने ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. दोन वर्षांपूर्वी, २०१७मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, कारण रास्त हवं आणि कारणाच्या मानानेच शिरायला हवं. हे वाचताना मला ते काका आठवले. चोरीचं कारण सांगून त्यांनी भलतीच गोष्ट बघितली. आणि मी कारण खरं आहे का, हे विचारलंसुद्धा नाही.

पण मी फक्त एका बाजूचं वाचत होते असं नाही. २६ नोव्हेंबर २००८ला हल्लेखोर मुंबईत माणसं मारत होते तेव्हा पाकिस्तानातून त्यांना फोनवर सूचना मिळत होत्या, आणि आपल्या यंत्रणा ते संभाषण ऐकत होत्या. हल्ला कुठून चालवला जात होता, हे त्यातून जगाला कळलं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची शिक्षा कायम केली, तेव्हा ती संभाषणंही पुराव्यात होती. फोन कधीच ऐकू नयेत असं म्हणणाऱ्याने ती रात्र आठवून दाखवावी. माझ्यात ती हिंमत नाही, आणि माझ्या बाबांसमोर तर नाहीच.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. क्लिप मी काढून दिली हे त्यांना माहीत होतं. जिन्यातलं खोटं माहीत नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कॅमेरे काढून टाकू या म्हणतेस?"

"नाही. रजिस्टर ठेवू या."

पुढच्या सभेत ठराव झाला. फुटेज बघायचं तर अर्ज लेखी. तारीख, वेळ, कोणता कॅमेरा, कारण. सेक्रेटरी आणि आणखी एक सदस्य, दोघांच्या सह्या. क्लिप ग्रुपवर टाकायची नाही. महिनाभरानंतर फुटेज आपोआप पुसलं जाईल. लॉगिन माझ्या फोनमधून गेलं. १९९६चा निकाल मी अक्षरशः आमच्या पार्किंगमध्ये आणून बसवला होता, आणि मला त्याचा भारी अभिमान वाटत होता.

वर्षभराने मी ते रजिस्टर सहज उघडलं. पानं भरलेली होती. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'सुरक्षा', 'सुरक्षा', 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे'. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एकाच दिवशी केलेल्या.

"बाबा, हे काय?"

"अगं, महिन्यातून एकदा रजिस्टर घेऊन येतात. एवढं वाचत कोण बसणार?"

मला रागही आला आणि हसूही. कारण तोवर मी न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा २०१८चा अहवाल वाचला होता. हे तेच श्रीकृष्ण, ज्यांच्या आयोगाने मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी केली. डेटा संरक्षणावरच्या या अहवालात त्यांनी फोन टॅपिंगच्या तपासणी समितीबद्दल लिहिलं आहे. ती समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. मी फोनवर हिशोब केला. आठ तास न उठता बसलं तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. शिवाय आदेश देणारे सरकारी अधिकारी, आणि तपासणारेही सरकारी अधिकारी. ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्यानंतर मंत्र्याने सही केली तरी न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते. आपल्याकडे न्यायाधीश त्या खोलीतच नाही. १९९६मध्ये आधी न्यायालयाची परवानगी घेण्याची सूचना पुढे आली होती, पण ती सक्ती न्यायालयाने घातली नाही.

म्हणजे निळं पेन फक्त आमच्या सोसायटीत नाही.

मग २१ जुलै २०२५ आला. ७/११च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. २०१५मध्ये त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. एकाचा तर तुरुंगातच मृत्यू झाला होता. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दुसऱ्या खटल्यांत दाखला द्यायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. बाबा म्हणाले, "मग माझ्या शेजारच्या डब्यात बॉम्ब ठेवला कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षांनी बाबांकडेही उत्तर नव्हतं आणि त्या बारा घरांकडेही. आपण समजतो की सुरक्षा आणि स्वातंत्र्य ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर येतं. इथे दोन्ही रिकामी होती.

त्या खटल्यातली एक गोष्ट मी बाबांना सांगितली. आपण त्या वेळी तिथे नव्हतो हे दाखवायला आरोपी स्वतःच कॉल रेकॉर्ड मागत होते, आणि ते मिळवण्यासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. यंत्रणेला हवी तेव्हा माहिती मिळते. ज्याची ती माहिती आहे, त्याला मात्र ती सहज मिळत नाही. बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "तुझं ते रजिस्टर आण."

त्या रात्री आम्ही दोघांनी रजिस्टर नव्याने आखलं. 'सुरक्षा' हे कारण चालणार नाही, काय घडलं ते लिहायचं. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त अर्ज घ्यायचे नाहीत. दुसरी सही कमिटीबाहेरच्या सभासदाची, दर तीन महिन्यांनी नवा माणूस. आणि शेवटी एक रकाना बाबांनी स्वतःच्या हाताने वाढवला: 'जिचं/ज्याचं फुटेज बघितलं त्यांना कळवलं का?' आपल्या देशात ज्याचा फोन टॅप झाला त्याला ते नंतरही कळवलं जात नाही. जर्मनीत तपास संपल्यावर सहसा कळवावं लागतं. आमच्या सोसायटीतही लगेच कळवायचं नाही, चोर सावध होईल. पण काम झाल्यावर सांगायचं. मला वाटतं, आपण बघितल्याचं ज्याला उद्या सांगावं लागणार आहे, तो आज बघताना जरा विचार करतो.

हे सगळ्यांना पटलेलं नाही. एक काका म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?" तिसऱ्या मजल्यावरच्या ताईकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. ते चहा प्यायला लागले.

नव्या रजिस्टरची पहिली नोंद मी केली. जुलै २०२२, गेटचा कॅमेरा, रात्री एक वाजता. क्लिप काढणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'विचारलं नाही.' शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ताईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये होता. मी मेसेज टाइप केला, खोडला, परत टाइप केला: "ताई, तो व्हिडिओ मी काढून दिला होता. जिन्यात मी खोटं बोलले."

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. रकान्यात मी 'कळवलं' असं लिहिलं आणि तारीख टाकली, तीन वर्षांनंतरची.