घारीचं चित्त

घार आकाशात हिंडत असली तरी तिचं चित्त पिल्लांपाशी असतं, ही म्हण आपण आईसाठी वापरतो. शेतावर राबणारी आई, नोकरीला जाणारी आई, कामासाठी परगावी राहिलेली आई. देह लांब, मन जवळ. या म्हणीत दिलासा आहे आणि पिढ्यान् पिढ्या बायकांनी तो घेतला आहे. माझ्या बाबतीत ती उलटी लागू पडते, म्हणून ती डोक्यातून जात नाही. मी कुठेच हिंडत नाही. घरातच असतो, मुलांपासून दोन हातांवर, खुर्चीत. चित्त कॉम्प्युटरमध्ये असतं. पिल्लांशेजारी बसून आकाशात हिंडणाऱ्या घारीबद्दल मात्र म्हण नाही.

संध्याकाळी लॅपटॉप मिटावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि मुलांपाशी बसावं, हे सगळेच सांगतात आणि आम्ही ते करतोही. ते अवघड नाही. अवघड असतं त्यानंतरचं. मिटलेल्या लॅपटॉपमधलं अर्धवट काम डोक्यात चालूच राहतं. मुलगी ठोकळ्यांचा पूल रचत असते, धाकटा तो पाडायला टपलेला असतो, मी दोघांच्या मध्ये बसलेला असतो. पडदा नाही, आवाज नाही. तरी मी तिथे असतो का, याची खात्री मला देता येत नाही.

तर घार. आमच्या इमारतीमागे उंच निलगिरीवर तिचं घरटं आहे. घारी बहुधा तेच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात. वरून काटक्यांचा पसारा, आत अस्तराला चिंध्या, कागद, प्लॅस्टिकचे तुकडे, कधी तारासुद्धा. त्यात दोन-तीन अंडी. पुढचा महिनाभर मुख्यतः मादीच त्यांवर बसते. पिल्लं बाहेर आल्यावरही सुरुवातीचे दिवस ती घरटं फारसं सोडत नाही. उन्हात पिल्लांवर सावली धरते, कावळ्यांना हुसकावते. खाणं आणतो नर. मासळीबाजार, उकिरडे, कचरा डेपो पालथे घालून तो येतो, पंजातलं घरट्यावर देतो, मादी त्याचे बारीक तुकडे करून पिल्लांना भरवते. पिल्लं मोठी झाली, की मग दोघंही शिकारीला निघतात.

म्हणजे पिल्लं अगदी लहान असताना आकाशात हिंडणारी घार ही बहुतेक वेळा बाप असते. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कमवायला बाहेर पडलेल्या बापाच्या चित्ताची आपल्या म्हणींनी दखल घेतलेली नाही, आणि इथे ती नकळत घेतली गेली होती. त्या आनंदात मी काही दिवस घारींकडेच बघत राहिलो. मुलीलाही गच्चीवर नेऊन दाखवलं. शेपटी किंचित दुभंगलेली दिसते ती घार, हे तिला आता येतं. पण बघता बघताच लक्षात आलं की नर परततो तेव्हा त्याच्या पंजात काहीतरी असतं आणि पिल्लांना ते दिसतं. मी दिवसभर जे आणतो ते महिनाअखेरीला बँकेच्या खात्यात पडतं. चार वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने मी रिकाम्या पंजांनीच परत येतो. किंबहुना येतही नाही, कारण गेलेलोच नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, नजरेची. विणीच्या दिवसांत घरट्याखालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर घार झेप घालते, हे गावोगावी पुष्कळांना माहीत आहे. उंचावर असल्यामुळेच तिला घरटं दिसत असतं. तिचं चित्त पिल्लांपाशी राहतं, कारण तिची नजर तिथवर पोचते. लांब असणं तिच्या आड येत नाही. पडद्याचं नेमकं उलट आहे. त्यातून दुसऱ्या खंडातली माणसं दिसतात, फक्त आपल्याच खोलीतलं काही दिसत नाही. धाकटा पलंगाच्या कडेवर चढला तर ते आवाजावरून कळावं, पण कानांवर हेडफोन असतो. मला वाटतं, अंतर हा या सगळ्यात खरा प्रश्न नव्हताच. घारीला तो कधी पडला नाही.

जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात ही घार आहे. तिथे ती एकटी नाही. पिलांसाठी दूरवरून चारा आणणारा पक्षी आहे, पिल्लू पोटाशी बांधून झाडावर फिरणारी वानरी आहे, कामात गुंतलेली पण बाळाकडे मन असलेली आई आहे. आणि शेवटी जनी सांगते की विठ्ठल ही आमची अशीच आई आहे. हा अभंग मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो कोण बोलतंय याचा विचार कधी केला नव्हता. बोलणारी आई नाही. बोलणारं पिल्लू आहे. घारीने कुठेही म्हटलेलं नाही की बाळा, मी इथे हिंडत असले तरी माझं चित्त तुझ्यापाशीच आहे. ते पिल्लाने म्हटलं आहे, स्वतःच्या अनुभवावरून. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या, स्वतःला नामयाची दासी म्हणवणाऱ्या पोरक्या जनीने म्हटलं आहे, म्हणून त्याला वजन आहे.

हे समजल्यावर माझी पंचाईत वाढली. कारण मग मी मुलांपाशी होतो की नव्हतो, हे ठरवण्याचा अधिकार माझा उरत नाही. मी फोन कपाटात ठेवला, इतका वेळ जमिनीवर बसलो, गोष्ट पूर्ण वाचली, या माझ्या बाजूच्या नोंदी झाल्या. पलीकडे काय नोंदलं गेलं?

जनाबाईंच्या दळणापाशी मी जरा रेंगाळतो आहे, ते यामुळेच. विठ्ठल तिला जातं ओढू लागायचा, असं परंपरा सांगते. आणि जात्यावर बसलेल्या बायकांनी काय काय म्हटलं याचा मोठा ठेवा आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. त्यांत लेकी-लेकरांच्या ओव्यांना अंत नाही. पहाटेच्या अंधारात, घर जागं होण्याआधी, एक पाय लांब पसरून बाई दळायला बसते. हात खुंट्यावर आहे, कंबरेपासून सगळं अंग फिरतं आहे, कित्येकदा मांडीवर तान्हं आहे. काम कष्टाचं आहे, अंग मोडून काढणारं. पण ते तोंड मोकळं ठेवतं, कान मोकळे ठेवतं आणि मनाचा बराच भाग मोकळा ठेवतं. त्या मोकळ्या भागात ती मुलाबद्दल ओवी रचते. मुलाला घरघर ऐकू येते, आईचा आवाज ऐकू येतो, पीठ पडताना दिसतं, पुढे त्याच पिठाची भाकरी दिसते.

मी जे काम करतो ते हात जवळजवळ रिकामे ठेवतं आणि बाकी सगळं घेतं. डोळे, कान, मन. कामाचा जड भाग शरीरावरून उचलला गेला आणि तो थेट चित्तावर येऊन बसला. मुलांना त्याचं काहीच दिसत नाही. आमच्या मुलीची भातुकली आहे, तिच्यात लाकडी जातंही आहे, बोटभर खुंट्याचं. ते कसं चालवायचं हे तिला एकदा दाखवलं आणि कळलं. एके दिवशी तिने माझं काम खेळायला घेतलं. पुस्तक उभं उघडून समोर ठेवलं आणि नुसती बसली, भुवया आवळून. मी विचारलं, काय करते आहेस? म्हणाली, बाबा झाले आहे. पुढे खेळण्यासारखं तिला काही सापडलं नाही आणि थोड्या वेळाने ती उठून गेली. माझ्या कामातून तिच्यापर्यंत पोचलेलं एवढंच होतं, एक आवळलेला चेहरा.

चेहऱ्याचं महत्त्व शास्त्रज्ञांनीही पाहिलं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी तान्ह्या मुलांच्या आयांना थोडा वेळ चेहरा निश्चल ठेवायला सांगितलं. आई समोरच बसलेली, बाळाकडे बघणारी, फक्त प्रतिसाद न देणारी. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, मग अस्वस्थ होऊन तोंड फिरवतं. हा प्रयोग झाला तेव्हा आयांच्या हातात फोन नव्हते.

इथपर्यंत आलो की वाटतं, ठरलं. पण ठरत नाही. जात्याचं चित्र मी जरा उजळूनच रंगवलं आहे की काय, अशी शंका येते. त्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या कापडगिरण्यांत पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्याला अफू असलेली बाळागोळी चाटवून निजवत, असं १९२० च्या दशकातल्या अहवालांत नोंदलेलं आहे. दुसरा उपायच नव्हता त्यांच्यापाशी. शेतावरच्या बाया झाडाला झोळी बांधत आणि दोन तास तिच्याकडे फिरकता येत नसे. त्यांची चित्तं कुठे होती? म्हण म्हणते, पिल्लांपाशी. असतीलच. पण ते पिल्लांना कळत होतं का? उलट अकरा पाश्चात्त्य देशांतल्या वेळेच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९६५ मध्ये आया रोज सरासरी ५४ मिनिटं मुलांसाठी देत होत्या, २०१२ मध्ये १०४. बाप १६ मिनिटांवरून ५९ वर आले. म्हणजे निदान त्या देशांत तरी, कॉम्प्युटर घरात शिरले त्याच काळात आईबाप मुलांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ देऊ लागले. माझ्या खंतीला हे आकडे साथ देत नाहीत.

शिवाय मुलाला सतत आपल्यावर रोखलेली नजर हवी असते, हे तरी खरं का? डोनाल्ड विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये एक सुंदर विचार मांडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळ असताना. आई आहे, पण ती काही मागत नाही, शिकवत नाही, टाळ्या वाजवत नाही. ती तिच्या जागी आहे म्हणून मूल स्वतःच्या खेळात बुडू शकतं. हे वाचून मला आमची संध्याकाळ वेगळी दिसू लागली. मी लॅपटॉप मिटून समोर बसतो तेव्हा मुलगी खेळ थांबवून माझ्याकडे बघते. पूल कसा झाला, विचारते. माझ्या अखंड लक्षाने तिचा खेळ दाखवण्याचा कार्यक्रम होतो. आणि मी काही निवडत, घड्या घालत, झाडांना पाणी घालत आसपास वावरतो तेव्हा ती कितीतरी वेळ एकटीच ठोकळ्यांशी बोलत बसते. तेव्हा मी जास्त तिथे असतो की कमी?

असं नुसतं आसपास असणं म्हटलं की मला एक गाव आठवतं, सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेपायी मुलांच्या हाती फोन आले आणि पुढे सुटेनात. तेव्हा गावाने एकत्र येऊन ठरवलं आणि ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, फोन बंद, मुलांचेही आणि मोठ्यांचेही. साडेआठला तो पुन्हा वाजला की मोकळीक. बातम्यांत या गावाचं कौतुक मुलांच्या अभ्यासासाठी झालं. मला त्यातलं वेगळंच आवडलं. मोठी माणसं कुणावर उपकार म्हणून फोन ठेवत नाहीत. सगळ्या गावाचाच ठेवलेला असतो. साताची वेळ कुणा एका मुलाकडे रोखून बघण्याची राहत नाही. कुणी वाचतं, कुणी ओट्यावर गप्पा मारतं, कुणी स्वयंपाकाला लागतं, आणि मुलं त्या सगळ्यात असतात. आमच्या शहरी घरात हे जमत नाही. मी पडदा मिटला तरी माझं ऑफिस चालूच असतं, सहकारी चालूच असतात, आणि मिटलेला पडदा हा माझा एकट्याचा निग्रह होऊन बसतो. तसा एखादा भोंगा आमच्याही गल्लीत असावा असं वाटतं. आणि तो वाजल्यावरही माझं चित्त नक्की कुठे जाईल, हे मला आज सांगता येत नाही.

मुलांना विचारावं, तर मुलगी चार वर्षांची आहे. ती आज देईल ते उत्तर आजचं असेल. खरं उत्तर तिच्यापाशी फार उशिरा येईल आणि ते ऐकायला मी असेनच असं नाही. पण ज्यांच्या आईने पहाटे जात्यावर बसताना त्यांना मांडीवर घेतलं होतं, किंवा शेताच्या बांधावर झोळीत टांगून ठेवलं होतं, अशी माणसं अजून आपल्यात आहेत, ऐंशीच्या आसपासची. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसून एकदा विचारा: आई कामात असायची तेव्हा ती तुमच्यापाशी आहे असं वाटायचं का, आणि कशावरून? ते काय म्हणाले, हे मलाही कळवा.