विषाणूने जनुक ठेवलं, पण कुठे?

काही वर्षांपूर्वी हिमोफिलिया असलेल्या एका मुलाच्या आईने मला विचारलं होतं, "डॉक्टर, जीन थेरपीत विषाणू सोडतात म्हणे. तो आपल्या जनुकांत घुसून बसत नाही ना?" मी म्हणालो, "नाही हो, बाहेरच राहतो." ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून हा लेख.

हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ शरीरात पुरेसा तयार होत नाही. एएव्ही या विषाणूमुळे माणसाला सहसा आजार होत नाही. त्याची स्वतःची जनुकं काढून त्या जागी फॅक्टर आठचं जनुक भरतात. विषाणू म्हणजे फक्त टेम्पो, लिव्हरच्या पेशीत माल उतरवणारा. हा माल बहुतांशी रंगसूत्रांना न जोडता सुटाच राहतो. 'बहुतांशी' हा शब्द मी तेव्हा गाळला होता.

अमेरिकेत हिमोफिलिया असलेल्या 9 कुत्र्यांना ही थेरपी देऊन 10 वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. रक्तस्राव कमी झाला. पण 6 कुत्र्यांचं लिव्हर तपासल्यावर रंगसूत्रांत माल शिरल्याच्या 1,741 जागा सापडल्या. त्यांपैकी 5 कुत्र्यांत अशा काही पेशी वाढून त्यांचे समूह झाले होते, आणि काही ठिकाणी माल पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकांच्या शेजारी बसला होता. कॅन्सर मात्र एकाही कुत्र्यात आढळला नाही.

शेजाराला एवढं महत्त्व का? पॅरिसमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर वेगळ्याच, रंगसूत्रांत शिरणाऱ्या विषाणूने उपचार केले होते. मुलं बरी झाली, पण काहींना नंतर ल्युकेमिया झाला. माल एलएमओ2 या जनुकाजवळ बसला आणि ते नको तेव्हा चालू झालं. एएव्ही दिलेल्या नवजात उंदरांतही लिव्हरचा कॅन्सर दिसला आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी वाढत्या लिव्हरबाबत मी जरा जास्तच सावध असतो.

परवा त्या आईला हे सगळं सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे द्यायचीच नाही?" तसं नाही. अमेरिकेत 2023 मध्ये हिमोफिलिया ए साठी मान्यता मिळालेली एएव्ही थेरपी प्रौढांसाठीच आहे, तिचा मुलगा अकरा वर्षांचा. आज त्याला फॅक्टरचं इंजेक्शन वेळेवर मिळणं महत्त्वाचं. तुमच्या घरात कुणापुढे हा पर्याय आला, तर सही करण्याआधी एवढं विचारा: लिव्हरची सोनोग्राफी किती वर्षं करणार, आणि कोण?