पहिल्या क्रमांकाचा दगड

दगड म्हटला कीं आपल्या मनांत पहिली कल्पना येते ती कठीणपणाची. ज्याला दया येत नाहीं त्याचें काळीज दगडाचें असतें, ज्याला गणित समजत नाहीं त्याच्या डोक्यांत दगड भरलेले असतात, आणि न मोडणारें वचन ही काळ्या दगडावरची रेघ असते. मराठी भाषेंत दगडाला हा जो लौकिक मिळाला आहे तो सारा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणानें मिळवून दिला आहे. मऊपणाविषयीं मात्र आपल्याकडे एकच म्हण ठाऊक असते, आणि ती मऊ लागलें म्हणून कोपरानें खणूं नये, असें बजावणारी. माझ्यापुढें मेजावर जो दगड आहे तो गेलीं कित्येक वर्षें कोपरानें नव्हे, पण नखानें खणला गेला आहे. आणि तें खणणें पुढें चालूं ठेवावें कीं थांबवावें, हा प्रश्न आमच्या घरांत दोन महिने वादाचा होऊन बसला होता.

हा दगड शंखजिऱ्याचा. रंग फिकट हिरवा, कडेला मोत्यासारखी झाक, आणि स्पर्श असा कीं हातांत घेतलेली वस्तु दगड आहे कीं नुकतीच भिजवून वाळविलेली साबणाची वडी, याचा क्षणभर संशय यावा. शंखाशीं आणि जिऱ्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. फारशींत त्याला ‘संग-इ-जराहत’ म्हणतात, म्हणजे जखमेचा दगड; त्याची पूड जखमेवर दाबीत. त्याचें आपल्याकडे संगजिरें झालें, आणि संगाची ओळख नसलेल्या कोणी तरी त्याला शंखाची ओळख करून दिली.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा दगड खडकांत सांपडायचा नाहीं. येथला खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. थिजतांना त्याच्या पोटांत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढें पाण्यानें गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक घडविले. बोरघाटांतून रेल्वे नेण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत डोंगर फोडले गेले तेव्हां असे स्फटिक इतके निघाले कीं दूरदूरच्या देशांतील संग्रहालयांच्या कपाटांत ते जाऊन बसले. शंखजिऱ्याचें जन्मस्थान निराळें. मॅग्नेशियम विपुल असलेला जुना खडक पृथ्वीच्या पोटांत दाबला जावा, तापावा, त्यांतून सिलिकायुक्त ऊन पाणी झिरपावें, तेव्हां कोठें तो रूपांतर पावून शंखजिरें होतो. राजस्थानांत उदेपूर, भिलवाडा, दौसा या बाजूला त्याच्या खाणी आहेत. आमचा तुकडाहि तिकडचाच; वडिलांच्या एका विद्यार्थ्यानें प्रवासांतून आणून दिलेला.

परक्या दगडाचें अलिबागेला वावडें नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें बिघडणार, हें ओळखून तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें आणि १९०४ मध्यें येथें नोंदी सुरू झाल्या. पण येथल्या काळ्या पाषाणांत लोहाचें चुंबकीय खनिज असतें. त्याच्या भिंतींत ठेवलेली चुंबकसूची खरें बोलायची नाहीं. म्हणून इमारतीसाठीं पोरबंदरहून दगड आणावा लागला. घरचा दगड समुद्राच्या लाटा अडवूं शकतो, कुलाब्याच्या किल्ल्याचे चुन्याशिवाय रचलेले चिरे भरतीओहोटीला दाद देत नाहींत. पण प्रत्येक कामाला तोच उपयोगी पडतो असें नाहीं, एवढा धडा या गांवानें तेव्हांच घेतला.

वडील येथल्या एका शाळेंत विज्ञान शिकवीत. त्यांच्या संग्रहांत डोळे दिपविणारे नमुने पुष्कळ होते. पण जून महिन्यांत आठवीच्या वर्गावर पहिला तास घेण्यास ते निघत तेव्हां त्यांच्या खिशांत हा शंखजिऱ्याचा तुकडा असे. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ मध्यें कठीणपणाची एक शिडी तयार केली. तिला दहा पायऱ्या. शंखजिरें, चिरोडी, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपाटाइट, ऑर्थोक्लेज, गारगोटी, पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा. वरचा खालच्याला ओरखडा काढतो, खालचा वरच्याला काढूं शकत नाहीं, एवढाच तिचा नियम. या शिडीवर शंखजिऱ्याचा क्रमांक पहिला. म्हणजे तो साऱ्यांकडून ओरखडला जाणारा. आपलें नख अडीचाच्या सुमारास येतें. वडील दगड पहिल्या बांकावर देत आणि म्हणत, “नखानें एक रेघ काढा आणि पुढें द्या. दगडावर रेघ काढली, असें आज घरीं जाऊन सांगा.”

ती रेघ निघते कशी, हें ते नंतर सांगत. शंखजिऱ्याचे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात. एकेक पापुद्रा आंतून घट्ट बांधलेला. पण एका पापुद्र्याचें दुसऱ्याशीं नातें अगदींच सैल. बोट फिरलें कीं ते एकमेकांवरून घसरतात. गुळगुळीतपणा तो हाच. त्याची पूड करून आपण तान्ह्या मुलांच्या अंगाला लावीत आलों. वडिलांना मात्र ती उधळलेली खपत नसे. धूळ ती धूळ, फुप्फुसांत जाण्यासाठीं नव्हे, असें ते म्हणत. २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें शंखजिऱ्याची गणना बहुधा कर्ककारक असणाऱ्या पदार्थांत केली तेव्हां मला त्यांचें तें वाक्य आठवलें. वर्गांतहि रेघ काढल्यावर दगडावर फुंकर घालावयाची नाहीं, ओल्या फडक्यानें पुसावयाचें, असा त्यांचा दंडक होता.

मऊ म्हणून हा दगड हलक्या कुळांतला समजूं नये. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रा पुष्कळशा याच्याच जातीच्या दगडावर कोरलेल्या आहेत. मऊ असतांना चित्र आणि अक्षरें कोरून घ्यावयाचीं आणि मग भट्टींत तापवून त्याला कठीण करावयाचें, ही युक्ति त्या कारागिरांना ठाऊक होती. बेलूरचें मंदिर उभें राहिलें १११७ मध्यें. तेथल्या मूर्तींच्या बोटांतील अंगठ्यासुद्धां ज्या दगडांतून निघाल्या तो याचाच भाईबंद. जो दगड छिन्नीला नमतो तोच इतकें बारीक बोलूं शकतो.

वडील गेल्यावर त्यांच्या संग्रहाचें काय करावें, हा विचार सुरू झाला. मुंबईचे एक संग्राहक येऊन पाहून गेले. झिओलाइट त्यांनीं भिंगाखालीं धरले, त्यांची वाखाणणी केली आणि सबंध कपाटाची चांगली किंमत सांगितली. शंखजिऱ्याचा तुकडा मात्र त्यांनीं सभ्यपणें बाजूला ठेवला. “हा नमुना राहिलेला नाहीं,” ते म्हणाले, “याच्यावर सगळे ओरखडेच आहेत.” त्यांच्या शास्त्राप्रमाणें तें बरोबरच होतें. नमुन्याची किंमत त्याच्या अस्पर्श कडांत असते, आणि या दगडाला तशी एकहि कड उरलेली नव्हती.

त्यानंतर कपाटाच्या तळाशीं एक चाळीस पानी वही मिळाली. १९६६ पासून दर जूनमध्यें वर्गांत नेण्यापूर्वीं वडिलांनीं हा दगड शाळेच्या तराजूंत तोलला होता. पहिली नोंद ४१२ ग्रॅम, निवृत्तीच्या वर्षींची, म्हणजे १९९६ ची, ३७५ ग्रॅम. मधल्या ओळींत दुसरें कांहीं नाहीं. १९८१ मध्यें मथळ्यावरचें ‘जिल्हा कुलाबा’ खोडून ‘जिल्हा रायगड’ केलेलें, इतकेंच. तीस वर्षांत सदतीस ग्रॅम. वर्षाला सुमारें सव्वाशें मुलें धरलीं तर एकेकाच्या वांट्याला दहा मिलिग्रॅम. तो दगड झिजला नव्हता, वांटला गेला होता. आणि ज्यांच्या नखांखालीं तो गेला त्यांतले कोणी आज होडी चालवितात, कोणी बँकेंत आहेत, कोणी स्वतःच शिक्षक झाले आहेत.

वही वाचल्यावर प्रश्न सोपा होईल असें वाटलें होतें. तो अधिक अवघड झाला. दगडाच्या एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा आहे. बोलतांना वडिलांचा अंगठा तेथें फिरत असे. थोरल्या बंधूंचें म्हणणें, हा दगड आतां कांचेच्या पेटींत ठेवावा. छायाचित्रांत वडिलांचा चेहरा आहे, पण त्यांचा हात येथेंच काय तो उरला आहे. माझी पुतणी रेवदंड्याजवळच्या एका प्राथमिक शाळेंत शिकविते. ती म्हणाली, “आजोबांनीं पेटींत ठेवण्यासाठीं कधीं तोलला होता का?” ती तो वर्गांत नेऊं इच्छीत होती. नेला तर मुलें रेघा काढणार, आणि चारदोन वर्षांत तो खळगा बुजून जाणार. दोघांचेंहि प्रेम खरें होतें. आणि एकाचें राखावयाचें तर दुसऱ्याचें खर्चीं पडणार होतें.

मला वाटतें, वस्तूंच्या दोन जाती असतात. कांहीं हात न लावल्यानें टिकतात; कांहींना हात लागला नाहीं तर त्यांचा अर्थच सांगतां येत नाहीं. हिऱ्याचा कठीणपणा आपण दुसऱ्याच्या शब्दावर मानतों. शंखजिऱ्याचा मऊपणा शब्दावर मानण्यासारखा नाहीं. कांचेआड तो इतर दगडांसारखाच एक दगड दिसेल, आणि पाहणारा त्याला कठीण समजून पुढें जाईल. बंधूंना मी एवढेंच म्हणालों. ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ओल्या शाडूच्या मातींत त्या खळग्याचा ठसा घेतला, तो सावलींत वाळविला आणि स्वतःजवळ ठेवून दगड पुतणीच्या हातीं दिला.

झिओलाइटचे स्फटिक एका महाविद्यालयाच्या कपाटांत गेले. तेथें त्यांना कुलूप आहे आणि तें योग्यच आहे. दगडाबरोबर पुतणीनें वहीहि मागून घेतली. नव्या शाळेला तराजू नव्हता, म्हणून तिनें गांवांतल्या सोनाराकडे तो तोलून घेतला. जूनच्या नोंदीखालीं आज तिच्या अक्षरांत एक ओळ आहे : ३७५ ग्रॅम, इयत्ता चौथी, मुलें एकोणीस.